जिन्याखालचा ताबा

कमरजहां बुधवार पेठेत एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली शिलाई मशीन दुरुस्त करते. त्याला दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. दारात उभं राहता येतं, मध्ये वाकावं लागतं आणि मागे बसण्यावाचून गत्यंतर नाही, कारण डोक्यावर जिना उतरत आलेला आहे. वरून कोणी धावत खाली आलं की पायऱ्यांच्या फटीतून धूळ थेट चहात. धडधाकट माणूस तिथे तासभर बसला तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठणार नाही. कमरजहांचं अर्धं आयुष्य तिथे गेलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिची पाठ ताठ आहे. त्याचं श्रेय ती स्वतःच्या जिभेला देते. "मी मनात काही ठेवत नाही, म्हणून अंगात काही साचत नाही," असं ती सांगते, आणि समोरच्याला जे काही सुनवायचं असेल ते लगेच सुनावून टाकते.

ही जागा तिच्या नवऱ्याने, करीमने, त्र्याण्णव साली घेतली. घेतली म्हणजे भाड्याने. इमारतीच्या मालकीणबाई मंदाकिनी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, अक्षर मोत्यासारखं आणि बोलणं खड्यासारखं. दर महिन्याला भाडं हातात घ्यायच्या. करीमने एकदाच पावती मागितली होती. "का हो, विश्वास नाही का आमच्यावर?" असं बाईंनी विचारलं, आणि पुण्यात एवढं ऐकल्यावर पुन्हा पावती मागण्याची कोणाची टाप आहे? अठ्ठावीस वर्षं भाडं गेलं, पावती एक आली नाही. विजेचा दिवासुद्धा जिन्याच्या मीटरवरच जोडलेला होता. कागदोपत्री पाहिलं तर त्या जिन्याखाली कोणीच नव्हतं.

करीमला पुढे मोतीबिंदू झाला. सुईचं टायमिंग त्याला दिसेना, तेव्हा तो सांगायचा आणि कमरजहां करायची. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई कुलूप लावेल. चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई दार उघडून शटल साफ करत बसली होती.

तिच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे बायका. येरवड्याहून, मांजरीहून, कुठून कुठून येतात. अख्खं पायमशीन कोण आणणार? स्टँड घरी ठेवायचा, वरचं डोकं तेवढं सोडवायचं, जुन्या लुगड्यात गुंडाळायचं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन यायचं. ओझं बारा-तेरा किलोंचं, पण त्यावर घर चालतं, म्हणून तान्ह्या पोरासारखं सांभाळून आणतात.

डोकं आलं की कमरजहां ते बाईच्या समोर एका चिंधीवर चालवते. कुठे धागा तुटतो, कुठे टाका सुटतो, ते चिंधीवर उमटतं. मग त्या चिंधीवर ती न पुसणाऱ्या शाईने नाव आणि तारीख लिहिते, टाक्याच्या मधोमध ती कापते, अर्धी मशीनला बांधते आणि अर्धी बाईच्या हातात देते. हीच पावती. दुरुस्ती झाली की बाई अर्धी चिंधी घेऊन येते, आणि कमरजहां दोन्ही अर्ध्या त्याच मशीनवर, तिच्या डोळ्यांसमोर, एकमेकींना शिवून देते. शिवण सरळ आली तर मशीन बरं झालं, वाकडी आली तर पुन्हा या. ही पद्धत करीमची. बऱ्याच बायकांना वाचता येत नव्हतं. आपल्या मशीनचा बिघडलेला टाका मात्र प्रत्येकीला ओळखता येत होता.

मंदाकिनीबाई एकवीस साली वारल्या. त्यांच्यामागे इमारत भाच्याच्या नावावर झाली. भाचा दत्तप्रसाद, बाणेरला राहणारा, आयटीतला. पहिल्या महिन्यात कमरजहां भाडं घेऊन गेली तेव्हा तो म्हणाला, "असू दे हो काकू, काय घाई आहे?" दुसऱ्या महिन्यातही तेच. कमरजहां घरी येऊन म्हणाली, पोरगं दिलदार आहे. आयुष्यात माणूस ओळखण्यात तिची इतकी मोठी चूक दुसरी झाली नसेल. भाडं घेतलं नाही म्हणजे मालक-भाडेकरूचं नातं राहिलं नाही, हा त्याचा हिशेब होता. तो तिला कळला बावीस सालच्या ऑगस्टमध्ये.

ती भाचीच्या लग्नाला तीन दिवस सोलापूरला गेली होती. परत आली तर तिचं कुलूप कापून गटाराशेजारी टाकलेलं, दाराला नवं कोरं पितळी कुलूप, आणि वर छापील पाटी: 'ही जागा खाजगी मालकीची आहे. येथे विनाकारण थांबू नये.' आत एकतीस मशीनची डोकी होती.

तिने फोन लावला.

"काकू, लुक, मला तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "पण प्रॉपर्टी कार्डवर माझं नाव आहे. तुमच्याकडे एखादं डॉक्युमेंट आहे का? एक तरी?"

"माझ्याकडे किल्ली आहे."

"कुलूप बदललंय ना आता."

चौकीत सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. धाकटा दीर आफताब हातोडा घेऊनच आला. मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या अंगात भलतंच बळ संचारलं होतं. "भाभी, पाच मिनिटांचं काम आहे. आणि बारा वर्षं बसलं की जागा आपली होते, सगळ्यांना माहीत आहे. आपली तर तीस झाली! सरळ सांगायचं, जागा आमचीच."

कमरजहांने हातोडा त्याच्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला. तो चांगल्यापैकी हातोडा होता, वाया घालवण्यासारखा नव्हता. मग ती शिवाजीनगरला वकील गाठायला गेली.

वकीलबाईंचं नाव सत्यशीला. त्यांचं टेबल कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली होतं आणि बोलण्यात पाल्हाळ नव्हता. आफताबने बारा वर्षांचं सांगायला सुरुवात केली तशी त्यांनी हात वर केला.

"भाडेकरू बारा वर्षं राहिला काय आणि पन्नास राहिला काय, मालक होत नाही. तुम्ही कोर्टात 'जागा आमची' म्हणालात की समोरचा प्रॉपर्टी कार्ड काढणार, आणि आपण घरी." मग त्या कमरजहांकडे वळल्या. "कायद्यात दोन वेगळे प्रश्न आहेत, बाई. वस्तू कोणाची आणि वस्तू कोणाकडे. मालकी त्याची असेल. पण ताबा तुमचा होता. ताब्यातल्या माणसाला मालकसुद्धा असा उचलून बाहेर टाकू शकत नाही. त्याने कोर्टात यायचं, कारण सांगायचं, हुकूम घ्यायचा. परस्पर कुलूप बदललं असेल तर सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि त्यात मालक कोण हे न्यायाधीश विचारतसुद्धा नाहीत. ताबा कोणाचा होता आणि तो कसा घेतला, एवढंच बघतात."

आफताबच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कमरजहांच्या मात्र लगेच ध्यानात आलं.

"म्हणजे येरवड्याच्या विमलाबाईचं मशीन माझ्याकडे आहे तसं. मशीन तिचं, माझं नाही. पण माझ्या दुकानातून कोणी ते उचललं तर बोंब मी मारणार. मला कोण विचारेल, की तुझं होतं का?"

"माझ्याकडे शिकाऊ वकील येतात," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "त्यांना हे समजायला सहा महिने लागतात. आता सांगा, तुम्ही तिथे बसत होतात याचा पुरावा काय?"

पावती नाही, वीजबिल नाही, परवाना करीमने कधी काढलाच नव्हता. कमरजहांने तिन्ही गोष्टी बोटांवर मोजल्या. मग तिने चिंध्यांचं सांगितलं.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "अर्ध्या आत आहेत?"

"एकतीस. मशीनला बांधलेल्या. तारखेसकट. शेवटची तर सोलापूरला निघाले त्याच सकाळची."

"आणि उरलेल्या अर्ध्या?"

"बायकांकडे."

दावा दाखल झाला, आत कोर्टाचा माणूस पाठवून पंचनामा करावा असा अर्जही दिला. आणि त्याच आठवड्यात दत्तप्रसादने डाव टाकला. दुकानात गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची वही होती, ती त्याच्या हाती लागली. त्याने एकेकीला फोन लावला, अगदी गोड आवाजात. रविवारी अकराला या, आपापलं मशीन घेऊन जा, तुमचं नुकसान व्हायला नको. वरवर बघितलं तर यात वाईट काय होतं? मशीन त्यांची, त्यांना मिळतात. पण मशीन गेली की चिंध्या गेल्या, आणि चिंध्या गेल्या की जिन्याखाली कमरजहां कधी होती याची खूणच उरत नव्हती.

"बायकांना सांगा, जाऊ नका," आफताब म्हणाला.

"मी नाही सांगणार."

"भाभी, सगळं त्याच्यावर आहे!"

"माझं सगळं असेल. त्यांचंही सगळं त्या मशीनवरच आहे. दिवाळी दोन महिन्यांवर आली. ब्लाउज कशावर शिवतील, तुझ्या डोक्यावर?"

असं ती म्हणाली खरी, पण शनिवारी तिला जेवण गेलं नाही. तीस वर्षांचा संसार आपण होऊन दुसऱ्यांच्या हातात ठेवायचा आणि वर त्यांना एका शब्दानं अडवायचं नाही, याला छाती लागते. तिला राग येत होता, आणि नेमका कोणाचा ते तिला कळत नव्हतं.

रविवारी ती समोरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. पदर घट्ट घेतला आणि ठरवलं की तोंड उघडायचं नाही. वीसएक बायका जमल्या. दत्तप्रसादने कुलूप काढलं, दाराशी छोटं टेबल मांडलं, पाण्याच्या बाटल्यासुद्धा ठेवल्या होत्या. मशीन न्यायचं आणि एका छापील कागदावर सही करायची. पहिल्या दोघींनी सही केली, डोकी घेतली आणि कमरजहांकडे न बघता रिक्षात बसल्या. त्यातल्या एकीचा नवरा महिनाभर अंथरुणावर होता, हे कमरजहांला माहीत होतं. तरी तिच्या काळजात कळ आली, आणि मग आपल्याला कळ आली याचीच तिला लाज वाटली.

तिसरी विमलाबाई. वाशीमकडून पोट भरायला पुण्यात आलेली, येरवड्यात एका खोलीत राहून परकर आणि पिशव्या शिवणारी. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद उचलला आणि मागच्या सुरुचीला दिला. सुरुची ही ड्रेस डिझाइन शिकणारी मुलगी, आजीचं मशीन न्यायला आलेली.

"वाच वं माय. मोठ्यानं वाच."

सुरुचीने वाचलं. 'सदर जागेचा ताबा पूर्वीपासून मालक श्री. दत्तप्रसाद यांच्याकडे असून माझे मशीन मला त्यांच्याकडून मिळाले. सदर जागेत अन्य कोणाचाही व्यवसाय नव्हता.'

"व्यवसाय नव्हता?" विमलाबाई म्हणाली. "मंग मी बारा किलोचं वझं इथं काहून आणलं? देवाले दाखवाले?"

"ताई, ती फक्त फॉर्मॅलिटी आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "मशीन तुमचंच आहे ना? ओळखा आणि घ्या."

"मशीन माहीच हाय. पन म्या ते भाभीच्या हातात देल्लं. तुमाले कवा देल्लं?" तिने पोलक्यातून चिंधी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "हे तुमी देल्ली का मले? जिनं देल्ली तिच्यापाशीच मी मशीन मागीन. तुमी कोन?"

"मी मालक आहे!"

"जिन्याचे असान. माह्या मशीनचे नाही."

सुरुचीने कागद टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. मग मागची एक बाई रांगेतून बाहेर पडली, मग दुसरी. घरी काम खोळंबलेलं, पोरांच्या तोंडात काय घालायचं ही प्रत्येकीला चिंता, आणि तरी एकेक बाई रस्ता ओलांडून आली आणि पायरीवर कमरजहांच्या शेजारी येऊन उभी राहिली. कोणी भाषण केलं नाही. एक फक्त म्हणाली, "भाभी, तेवढं लवकर करा हं." कमरजहां रडली. तिने ते लपवलं नाही. लपवायचं कारणही नव्हतं.

सव्वीस दिवसांनी कोर्टाचे कमिशनर आले. दाराशी बायका हातात चिंध्या घेऊन उभ्या. आत एकोणतीस डोकी. कमिशनर एकेका डोक्याची अर्धी चिंधी बाहेर आणायचे, आणि बाहेरची बाई आपली अर्धी तिला लावून दाखवायची. टाक्याला टाका जुळत गेला. फोटो निघाले, तारखा लिहिल्या गेल्या, सुट्या भागासाठी वर्षभर अडून राहिलेल्या मशीनपासून ते ऑगस्टच्या त्या सकाळपर्यंत. कोर्टाने डोकी कमरजहांच्या स्वाधीन करायला सांगितली. ती तिने फुटपाथवर सतरंजी टाकून आठवडाभरात दुरुस्त केली आणि दिवाळीच्या आत एकेकीला पोचवली.

पुढचं दीड वर्ष मात्र तारखांत गेलं. त्या काळात ती घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करायची, उन्हातान्हात, हत्यारांची पिशवी खांद्यावर. दत्तप्रसादने शपथेवर सांगितलं की या बाई कोणीच नाहीत. भाडेकरू नाहीत, काही नाहीत. मावशीने दयेपोटी थोडं सामान ठेवू दिलं होतं. एकदा त्याच्या वकिलांनी बाहेर पाणपोईजवळ कमरजहांला गाठून सांगितलं की थोडेफार पैसे घ्या आणि विषय संपवा. तिने त्यांना विचारलं, "दया संपली का तुमची, की अजून शिल्लक आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उलटतपासणीच्या दिवशी आफताब कोर्टात मागच्या बाकावर बसला होता. त्याचं अजूनही म्हणणं होतं की 'आमची' म्हणायला काय जातं.

"सदर जागा तुमच्या मालकीची आहे का?" समोरच्या वकिलांनी सुरुवातच तिथून केली. कमरजहां हो म्हणेल, मग कागद मागायचे, असा त्यांचा बेत असावा.

"नाही."

वकिलांनी टिपणाचं पान उलटलं. "मग कोणाच्या मालकीची आहे?"

"हे काय, समोर बसलेत त्यांच्या."

"तुम्ही मान्य करता?"

"अहो, त्यात मान्य काय करायचं? प्रॉपर्टी कार्डवर त्यांचं नाव आहे. मी वाचलंय."

"मग दुसऱ्याची जागा तुम्ही मागता कशी?"

"मी जागा मागतच नाही. ती माझ्याकडे होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू माझ्याकडे राहिल्या साहेब, त्यातली एकही माझी नव्हती. पण मागायला जी आली ती दिवसाढवळ्या आली, माझ्यासमोर आली. कुलूप कापून कोणी नाही नेली. यांना जागा हवी असेल तर यांनी मागावी. रीतसर मागावी. मी सोलापूरला गेलेली बघून नव्हे."

न्यायाधीश लिहीत होते, ते लिहायचे थांबले नाहीत. आफताबने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, भाभीने खटला घालवला.

चोवीस सालच्या फेब्रुवारीत निकाल लागला. मालकी कोणाची यात कोर्ट गेलंच नाही. ताबा वादीचा होता, तो कायद्याने नव्हे तर परस्पर काढून घेतला, तो परत द्यावा. बेलिफाने पितळी कुलूप काढलं. कमरजहांने आधी ती पाटी उतरवली, मग आत जाऊन दिवा लावायला गेली तर वायर कापलेली. तिने दिवसभर दारातल्या उजेडात काम केलं.

दत्तप्रसाद त्या दिवशी आला होता. गोड आवाज आता उरला नव्हता. "काकू, एक लक्षात ठेवा. ओनर मीच आहे. मी प्रॉपर दावा लावीन. तुम्हाला बाहेर काढीन."

"लावा," कमरजहां म्हणाली. "हेच तर सांगत होते मी. दीड वर्षापूर्वी लावला असतात तर दोघांचाही वेळ वाचला असता."

त्याने खरंच लावला. चार महिन्यांनी बेलिफ पुन्हा दारात उभा राहिला, या वेळी तिच्याविरुद्धचं समन्स घेऊन. लघुवाद न्यायालयातला दावा, सोबत अठरा पानी अर्ज. आफताबचं तोंड उतरलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं तो म्हणाला. कमरजहांने सही केली, चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदाशी ती थांबली. तिने तो पुन्हा वाचला, आणि सत्यशीलाबाईंना फोन लावून वाचून दाखवला.

भाडेकरूला काढायचं तर आधी तो भाडेकरू आहे असं लिहावं लागतं. दत्तप्रसादने लिहिलं होतं, स्वतःच्या सहीने: 'प्रतिवादी कमरजहां करीम शेख या सदर इमारतीच्या जिन्याखालील दुकानात सन १९९३पासून कुटुंबासह भाडेकरू म्हणून ताब्यात आहेत व तेथे शिलाई मशीन दुरुस्तीचा व्यवसाय करतात.'

फोनवर वकीलबाई इतक्या जोरात हसल्या की आफताबला बाहेर ऐकू आलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, दावा सोपा नाही, वर्षानुवर्षं चालेल, शेवटी काय होईल सांगता येत नाही, जागा जाऊही शकते.

"जाऊ दे की, गेली तर," कमरजहां म्हणाली. "मला विचारून जाईल."

त्या पानाची तिने एक प्रत काढली, लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावरून ती प्लास्टिकमध्ये पक्की करून आणली आणि दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, खिळ्याला टांगली.